घरच्या सॉसेजला चव कुठे द्यायची: खिम्यात, केसिंगला की आचेवर?

सॉसेज घरी करायला लागलेला माणूस लवकरच एका प्रश्नाशी येतो. नैसर्गिक केसिंग, म्हणजे स्वच्छ केलेल्या आतड्याचं आवरण, भरण्याआधी वाइनमध्ये, लसणाच्या पाण्यात किंवा मसाल्याच्या काढ्यात भिजवलं तर त्याची चव सॉसेजमध्ये उतरते का?

उतरते, पण अगदी थोडी. किलोभर सॉसेजमध्ये आवरणाचं वजन नगण्य असतं आणि त्यात मुरलेला सुगंध तव्यावर पहिल्या काही मिनिटांत उडून जातो. केसिंगला चव देऊच नये असं मी म्हणणार नाही, त्याचीही रीत पुढे सांगतो. पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मीठ-मसाला आत नीट पडलेला नसेल तर आवरण कशातही भिजवा, पहिल्या घासाला बिंग फुटतं. म्हणून आधी खिमा, मग केसिंग आणि शेवटी आच, याच क्रमाने जाऊ. खाली सगळी मापं १ किलो मांसासाठी आहेत (चरबी धरून). बोलतोय ते ताज्या, शिजवून खायच्या सॉसेजबद्दल. आंबवून, वाळवून टिकवायचं सॉसेज हा वेगळा आणि जास्त जोखमीचा विषय आहे, नवख्याने त्यात एवढ्यात पडू नये.

मीठ: चमच्याने नाही, काट्यावर

मिठाचं प्रमाण मांसाच्या वजनाच्या १.५ ते २ टक्के, म्हणजे किलोला १५ ते २० ग्रॅम. सुरुवात १७ ग्रॅमपासून करा. बारीक मिठाचा एक चमचा आणि जाड्या मिठाचा एक चमचा यांच्या वजनात बराच फरक पडतो, त्यामुळे ‘दोन चमचे मीठ’ असं लिहिलेल्या कृतीवर विसंबू नका. मसाल्यांसाठी तर ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घेतलेला बरा. जायफळ अर्धा ग्रॅम आणि दीड ग्रॅम यांत मधाचं बोट आणि औषधाचा डोस एवढा फरक आहे.

मीठ नुसतं खारटपणासाठी नसतं. मांसातलं मायोसिन नावाचं प्रथिन मिठामुळे सुटं होतं, चिकट होतं आणि तेच पुढे खिम्याचे कण, चरबी आणि पाणी एकमेकांना धरून ठेवतं. मीठ फारच कमी केलंत तर सॉसेज कापल्यावर भुगा होऊन पडतं. मांसाचे तुकडे करून, त्यांना ठरलेलं सगळं मीठ चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलंत आणि दुसऱ्या दिवशी खिमा केलात, तर चवही आतपर्यंत जाते आणि बांधणीही चांगली येते. घाई असेल तर खिमा करताना घातलं तरी चालतं, पण वेळ असेल तर ही रात्र वाया जात नाही.

चरबी आणि थंडावा

मसाल्यांचे बरेचसे सुगंधी घटक पाण्यात विरघळत नाहीत, स्निग्धात विरघळतात. चरबी कमी केली की सॉसेज कोरडं तर होतंच, पण तोच मसाला फिका आणि जरा कडवट लागतो. साधारण २५ ते ३० टक्के चरबी धरा, म्हणजे ७०० ग्रॅम मांसाला ३०० ग्रॅम. चिकनचं सॉसेज करायचं असेल तर छातीचं मांस एकट्याने चालत नाही. मांडीचं मांस कातडीसकट घ्या.

आता सगळ्यांत जास्त दुर्लक्षित गोष्ट: तापमान. मांस आणि चरबी मशीनमध्ये जाताना ४ अंश सेल्सियसच्या खाली हवी. चरबीचे तुकडे तर अर्धवट गोठलेले, दाबले तर बोट जेमतेम रुतेल असे असावेत. खिम्याच्या मशीनची पाती, जाळी, भांडं हेही अर्धा तास फ्रीजरमध्ये टाकून ठेवा. मिसळताना मिश्रण १२ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. चरबी गरम झाली की ती कापली जात नाही, चोपडली जाते. जाळीतून लालपांढरे वेगवेगळे धागे बाहेर येण्याऐवजी गुलाबीसर एकजीव लगदा येऊ लागला, तर तिथेच थांबा आणि सगळं परत गार करा. तसंच पुढे रेटलंत तर शिजताना चरबी वितळून बाहेर येते, तिच्याबरोबर चवही जाते आणि आवरणात सुका चोथा उरतो.

जाळी कुठली वापरायची? ६ ते ८ मिलिमीटरची जाळी गावठी, भरड पोतासाठी, ४.५ मिलिमीटरची बारीक सॉसेजसाठी. भरड सॉसेजमध्ये मसाला अधूनमधून लागतो, बारीकमध्ये सगळीकडे सारखा. तिखटपणा बारीक सॉसेजमध्ये जास्त जाणवतो हे लक्षात ठेवा.

मसाला: काय, किती, कोणत्या रूपात

आधी एक साधा पाया बनवा: मांस-चरबी १ किलो, मीठ १७ ग्रॅम, ताजी कुटलेली मिरी ३ ग्रॅम, बर्फाचं पाणी ७० मिलिलिटर. एकदा एवढंच करून खा. मांसाची स्वतःची चव काय आहे ते कळलं की वर काय चढवायचं ते सुचतं. पहिल्याच खेपेला बारा मसाले घातले तर कशामुळे काय झालं याचा पत्ता लागत नाही.

या पायावर चढवायला तीन दिशा देतो.

बडीशेप-लसूण: भाजून भरड कुटलेली बडीशेप ४ ग्रॅम, ठेचलेला लसूण ५ ग्रॅम, कुटलेली लाल मिरची २ ग्रॅम. पाण्यातलं ५० मिलिलिटर काढून तेवढी थंडगार रेड वाइन घातलीत तर छान. वाइन घालायची तर ती इथे घाला, मिश्रणात. केसिंगपेक्षा इथे तिचा पैसा वसूल होतो.

सेज-जायफळ: वाळलेली सेजची पानं २ ग्रॅम, ताजं किसलेलं जायफळ ०.७ ग्रॅम, सुंठ पूड ०.७ ग्रॅम, साखर ३ ग्रॅम. ही चव बारीक, सडपातळ सॉसेजला जास्त शोभते.

धुरकट लाल: स्मोक्ड पॅप्रिका (धुरावलेल्या सौम्य लाल मिरचीची पूड) १५ ग्रॅम, लसूण ६ ग्रॅम, ओरेगानो १ ग्रॅम. प्रत्यक्ष धूर देण्याची सोय नसेल तेव्हा हा सोपा मार्ग आहे. फक्त पॅप्रिका ताजी हवी, जुनी झालेली पॅप्रिका रंग देते आणि चव मात्र लाकडाच्या भुशाची.

धणे, मिरी, बडीशेप, जिरं असे अख्खे मसाले कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजा, पूर्ण गार होऊ द्या आणि मग कुटा. गरम मसाला थंड मांसावर टाकला की जिथे पडतो तिथली चरबी वितळते. कुटलेला मसाला आधी बर्फाच्या पाण्यात कालवून मग मांसात ओतायचा. कोरडाच भुरभुरला तर गुठळ्या राहतात आणि एखाद्याच्या वाट्याला नुसती लवंग येते. लवंगेवरून आठवलं: तिचा हात आखडता ठेवा, किलोला ०.३ ग्रॅम पुष्कळ झाली. वाळलेल्या पानांऐवजी ताजी घ्यायची असतील तर वजन साधारण तिप्पट करा.

काही चवी मात्र कच्च्या, ताज्या रूपात घातल्या की घात करतात:

- ताजं आलं: त्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. कच्चं आलं घालून मिश्रण रात्रभर ठेवलं तर सकाळी मांस लिबलिबीत झालेलं असतं. सुंठ वापरा, नाहीतर आलं परतून, गार करून घाला.
- ताजा अननस, पपई, किवी: तेच कारण, आणि परिणाम आल्यापेक्षा जोरदार. डब्यातला अननस कारखान्यात उकळलेला असल्यामुळे तेवढा उपद्रवी नसतो.
- लिंबाचा रस, व्हिनेगर: चमचाभराने काही बिघडत नाही, पण जास्त आंबट पडलं की मांस कच्चं असतानाच प्रथिनं आवळतात, पाणी सोडतात, बांधणी सुटते. लिंबाची चव हवी तर पिवळी साल किसून घाला. रस पानात वाढताना पिळा.
- कच्चा कांदा: पाणी सोडतो आणि मिश्रण लवकर आंबवतो. पाणी आटेपर्यंत परता, गार करा, मग घाला. सफरचंदाचंही तसंच, किंवा सरळ वाळवलेल्या सफरचंदाचे तुकडे घ्या.

मळणं आणि चाखणं

मसाल्याचं पाणी घातल्यावर हाताने जोर लावून मळा. हात बधिर होतील एवढं मिश्रण गार असायला हवं, ते बरोबर चाललंय याचीच ती खूण. दोनेक मिनिटांत खिम्याचा सुटेपणा जातो, भांड्याच्या कडेला तंतू चिकटू लागतात. आता लिंबाएवढा गोळा घेऊन तळहातावर थापा आणि हात उलटा करा. गोळा खाली न पडता चिकटून राहिला तर झालं. पडला तर अजून मळा. गार राहिलं असेल तोवरच, हे सांगायला नकोच.

मग एक छोटी टिक्की तव्यावर पूर्ण शिजवून चाखायची. ही पायरी गाळणाऱ्यांना मी समजू शकत नाही. भरून झाल्यावर मिठाचं काहीच करता येत नाही, आणि टिक्कीला पाच मिनिटं लागतात. कच्चं मिश्रण मात्र जिभेला लावू नका. टिक्की चाखेपर्यंत बाकीचं मिश्रण फ्रिजमध्ये ठेवा. टिक्की तव्यावरून थेट तोंडात टाकू नका, जरा कोमट होऊ द्या, जीभ पोळली की मीठ नीट कळत नाही. चाखताना एवढं ध्यानात ठेवा की लसूण, तिखट आणि पॅप्रिका रात्रभरात चढतात, मीठ चढत नाही. म्हणून टिक्कीत लसूण किंचित कमी वाटला तर तसाच राहू द्या, मीठ कमी वाटलं तर लगेच वाढवा. वाढवायचं ते थोड्या पाण्यात विरघळवून.

केसिंग निवडणं

नैसर्गिक केसिंग म्हणजे आतड्याच्या आतल्या-बाहेरच्या थरांची खरवड काढून उरलेला मधला थर. तो बहुतेक कोलॅजनचा असतो. त्यातून वाफ आणि धूर आरपार जाऊ शकतो, म्हणूनच आतला जिन्नस मुरतो, धुराचा वास आतपर्यंत जातो.

मेंढीचं केसिंग नाजूक, साधारण १८ ते २८ मिलिमीटर व्यासाचं. दातांना जाणवतही नाही, पण भरताना फाटतं लवकर. डुकराचं साधारण ३२ ते ३५ मिलिमीटरचं नवख्यांसाठी सगळ्यांत सोयीचं: मजबूत, आणि चावल्यावर टचकन तुटतं. किलोभर मिश्रणाला ते सुमारे २ मीटर लागतं. मेंढीचं बारीक असल्यामुळे साडेतीन ते चार मीटर. गोवंशाची केसिंग जाड असतात आणि मोठ्या सॉसेजसाठी वापरतात, काहींचं आवरण खाताना सोलून टाकावं लागतं. आत कुठलंही मांस असलं तरी आवरण कुठल्या प्राण्याचं आहे ते पाकिटावर वाचा. ‘चिकन सॉसेज’ डुकराच्या केसिंगमध्ये भरलेलं असणं अगदी नेहमीचं आहे, आणि खाणाऱ्याला ते आधी सांगायला हवं.

बाजारात कोलॅजनची कृत्रिम केसिंगही मिळतात, एकसारखी आणि सोपी. ती भिजवायची की नाही हे उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे, पुढचं सगळं त्यांना लागू नाही.

केसिंग भिजवणं, धुणं

केसिंग जाड्या मिठात किंवा खाऱ्या पाण्यात घालून येतं. पाकीट उघडल्यावर एक उग्र वास येतो. घाबरू नका, तो धुतल्यावर जातो. पण सडका वास असेल, हिरवट डाग असतील, बोटांना बुळबुळीत तार येत असेल तर सरळ फेकून द्या.

लागेल तेवढी लांबी, वर थोडी जास्तीची, वेगळी काढा. वरचं मीठ वाहत्या पाण्यात धुवा आणि कोमट पाण्यात भिजत घाला. कोमट म्हणजे ३० अंशांच्या आसपास, मनगटावर गरमही नाही आणि गारही नाही असं. खाऱ्या पाण्यातल्या केसिंगला अर्धा तास पुरतो, कोरड्या मिठातल्याला तासभर तरी द्या, मधे एकदा पाणी बदला. ४० अंशांच्या वरचं पाणी वापरू नका. कोलॅजनला उष्णता सोसत नाही, केसिंग आक्रसतं आणि ठिसूळ होतं.

मग आतून धुणं. पाण्याच्या भांड्यात केसिंगचं एक टोक दोन्ही हातांच्या बोटांनी उघडून धरा. सुरुवातीला तोंड सापडत नाही, ओल्या केसिंगच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या असतात. पाण्याखाली अंगठा आणि तर्जनी हलकेच चोळली की कडा सुटतात. त्या तोंडात नळाची बारीक धार सोडा आणि पाण्याचा फुगा हळूहळू दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत न्या. कुठे भोक असेल तर तिथून कारंजं उडतं. त्या जागी कापून दोन तुकडे करा, ठिगळ लावायचा उपाय नाही. धुतल्यावर बोटांत धरून पाहा: चांगलं भिजलेलं केसिंग मऊ, निसरडं आणि जवळजवळ पारदर्शक असतं. ताणलं तर थोडं लांबतं आणि परत येतं. अजून पांढरट, कडक वाटलं तर आणखी भिजू द्या. अर्धवट भिजलेलं केसिंगच खाताना रबरासारखं चिवट लागतं, आणि दोष मात्र शिजवण्याला दिला जातो.

वास राहिलाच तर शेवटच्या पाण्यात लिटरला एक मोठा चमचा व्हिनेगर घालून १०-१५ मिनिटं ठेवा आणि परत धुवा. व्हिनेगरने आवरण थोडं मऊही पडतं. तासन्‌तास ठेवलंत तर मात्र ते कमजोर होऊन भरताना फाटेल.

केसिंगला सुगंध द्यायचाच असेल तर

आता मूळ प्रश्नाकडे. केसिंग पूर्ण भिजून, आतून-बाहेरून धुऊन झाल्यावरच हा प्रयोग करायचा. मिठात असलेलं केसिंग थेट वाइनमध्ये टाकलं तर ते नीट फुगत नाही आणि वाइन खारट होते, दोन्हीकडून नुकसान.

द्रव थंड हवा आणि गाळलेला हवा. लसूण ठेचून पाण्यात तासभर ठेवून गाळलेलं पाणी, रोझमेरी किंवा थाइमचा उकळून पूर्ण गार केलेला काढा, बिअर, पाणी घालून सौम्य केलेली वाइन, संत्र्याच्या सालीचं पाणी, यातलं काहीही चालेल. न गाळलेल्या काढ्यातले पानांचे कण केसिंगच्या आत अडकतात आणि भरताना नळीवर ओरखडे काढतात. केसिंग त्यात बुडवून झाकण लावून फ्रिजमध्ये तास-दोन तास ठेवा. पुढे न धुता, नुसतं निथळून वापरा.

यातून मिळतं काय? नाकाला, तेही सॉसेज तोंडाजवळ नेताना, हलकासा वास. संत्र्याची साल आणि लसूण यांचा त्यातल्या त्यात टिकतो, वाइनचा जवळजवळ काहीच नाही. रंगाचं मात्र खरं: पॅप्रिकाच्या किंवा हळदीच्या पाण्यातून काढलेलं केसिंग सुंदर रंग घेतं, आणि रंग बघून जिभेलाही चव जास्त वाटते. तीही काही कमी गोष्ट नाही.

तीन गोष्टी टाळा. ताज्या अननसाचा किंवा पपईचा रस, कारण जे एन्झाइम मांस विरघळवतं तेच आवरणही पोखरतं. तीव्र दारू, कारण ती केसिंगमधलं पाणी ओढून त्याला कडक करते. आणि साखर किंवा मध घातलेला द्रव, कारण तव्यावर बाहेरची साखर आतलं मांस शिजण्याच्या कितीतरी आधी काळी पडते.

भरणं आणि पीळ देणं

भरायच्या मशीनची नळी ओली करा, केसिंग तिच्यावर पायमोज्यासारखं चढवा. शेवटचे १०-१५ सेंटिमीटर लोंबते ठेवा, लगेच गाठ मारू नका. मशीन हळू फिरवून आधी नळीतली हवा बाहेर जाऊ द्या, मिश्रण टोकाशी दिसलं की मग गाठ. एक हात मशीनवर, दुसरा नळीच्या तोंडाशी: केसिंग किती सुटू द्यायचं ते हा दुसरा हात ठरवतो. गच्च भरू नका. दोन बोटांनी दाबलं तर थोडं दबायला हवं, कारण पीळ देताना आतलं मिश्रण आणखी आवळलं जाणार आहे.

पूर्ण दोर भरून झाल्यावर १२ ते १५ सेंटिमीटरवर चिमटीने दाबा, तेवढंच पुढे आणखी एकदा दाबा आणि मधला तुकडा तीन-चार वेळा फिरवा. पुढेही एकाआड एकच सॉसेज फिरवायचं, म्हणजे दोन्ही बाजूंचे पीळ आपोआप बसतात. हवेचे बुडबुडे दिसतील तिथे उकळत्या पाण्यातून काढलेल्या सुईने टोचा. बुडबुडा राहिला तर तिथे रस साचतो आणि आवरण मांसापासून सुटून फुगतं.

एक रात्र उघडं

भरलेलं सॉसेज जाळीवर, एकमेकांना न चिकटवता, फ्रिजमध्ये रात्रभर उघडं ठेवा. मला विचाराल तर केसिंग वाइनमध्ये भिजवण्याच्या दहा युक्त्यांपेक्षा ही एक रात्र मोलाची. आत मसाला मुरतो. बाहेर आवरण सुकून मांसाला घट्ट चिकटतं, आणि सुकलेलं आवरणच तव्यावर खमंग तांबूस होतं. ओलं आवरण आधी वाफवतं, फिकट राहतं. सकाळी हात लावल्यावर कागदी कोरडं लागायला हवं. दोन-दोन दिवस उघडं ठेवलंत तर मात्र ते चामड्यासारखं चिवट होईल. एका रात्रीत काम भागतं.

धूर द्यायचा असेल तर तोही अशा सुकलेल्या आवरणावरच. ओल्या पृष्ठभागावर धूर ओघळतो, डाग पडतात, चव कडवट येते. घरी फक्त गरम धूर द्या, म्हणजे धुराबरोबरच सॉसेज पूर्ण शिजेल असा. थंड धूर देताना मांस कितीतरी तास ४ ते ६० अंशांच्या धोक्याच्या पट्ट्यात, तेही कमी ऑक्सिजनमध्ये राहतं. बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढायला ही परिस्थिती पोषक असते, म्हणून तिथे नायट्राइटचं मीठ, म्हणजे या जंतूंना रोखणारं नायट्राइट मिसळलेलं मीठ, लागतं. या मिठाची तीव्रता देशोदेशी वेगळी असते: कुठे त्यात ६.२५ टक्के नायट्राइट असतं, कुठे एक टक्क्याहूनही कमी. एका ठिकाणच्या कृतीतले ग्रॅम दुसऱ्या पाकिटाला लावणं धोक्याचं आहे. पाकिटावरचं प्रमाण तंतोतंत पाळायची तयारी नसेल तर थंड धुराच्या वाटेला जाऊ नका.

आच

मंद, मग तेज. पातेल्यात ७५ ते ८० अंशांचं पाणी, उकळतं नाही, कडेने बारीक बुडबुडे सुटताहेत एवढंच. त्यात तमालपत्र, मिरी, अर्धा कांदा, हवी तर बिअर. केसिंगला बाहेरून चव द्यायची हौस इथे जास्त चांगली भागते, कारण आवरण गरम असताना सुगंध घेतं आणि लगेच ताटात येतं. सॉसेजच्या मध्यभागी थर्मामीटर ७१ अंश दाखवेपर्यंत ठेवा (चिकन किंवा इतर पक्ष्यांच्या मांसाला ७४). तिथून काढून पुसून कोरडं करा आणि गरम तव्यावर थोड्या चरबीत चहूबाजूंनी तांबूस करा. मोहरी, मध, व्हिनेगर असलं काही लावायचं तर शेवटच्या दोन मिनिटांत.

वेगळं पातेलं नको असेल तर तव्यातच सॉसेजच्या तळाशी थोडं पाणी घालून झाकण ठेवा, पाणी आटलं की झाकण काढून परता. शिजताना काट्याने टोचू नका, ज्या रसासाठी एवढा खटाटोप केला तो तव्यात जातो. सॉसेज फुटत असेल तर बहुतेक वेळा आच मोठी असते किंवा ते गच्च भरलेलं असतं.

उरलेलं

कच्चं सॉसेज फ्रिजमध्ये ४ अंशांच्या खाली १ ते २ दिवस, शिजवलेलं ३ ते ४ दिवस. फ्रीजरमध्ये कच्चं महिना-दोन महिने चवीला चांगलं राहतं. पुढे चरबीला खवट वास यायला लागतो आणि लसूण उतरतो.

उरलेलं साधं केसिंग पाणी पिळून काढून भरपूर जाड्या मिठात घोळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, पुढच्या खेपेला परत भिजवून वापरता येतं. फ्रीजरमध्ये टाकू नका, त्याने ते कमजोर होतं. वाइन किंवा काढ्यात भिजवलेलं केसिंग मात्र परत मिठात ठेवायचं नाही. असलं उरलं की टाकून द्यायचं, म्हणून सुगंधात भिजवायला लागेल तेवढंच काढा.